इस्तंबूल पाहायचंय आणि मित्र तिथलाच आहे? मग काम असं वाटून घ्या

शिकताना ओळख झालेला किंवा कामातून जवळ आलेला एखादा तुर्की मित्र इस्तंबूलला राहत असतो. "ये रे, सगळं शहर दाखवतो," असं तो मनापासून म्हणतो. आपणही निर्धास्त होतो आणि तिकीट काढून मोकळे होतो. पुढे मात्र घोळ होतो, कारण दीड कोटीहून जास्त वस्तीच्या या शहरात तो राहतो, त्याचा पर्यटक नसतो. टोपकापी राजवाड्यात तो बहुधा शाळेच्या सहलीत गेलेला असतो. कुठल्या वाराला काय बंद असतं, परदेशी माणसाला तिकीट कितीचं पडतं, याची त्याला कधी गरजच पडलेली नसते. उलट कुठल्या बोटीवर कुठल्या बाजूला बसावं, कुठल्या गल्लीतून उतरलं की चढ टळतो, कुठली डाळ आज ताजी आहे, हे कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही असं सगळं त्याला ठाऊक असतं.

म्हणून शहर दोन भागांत वाटून घ्यावं. तिकिटाच्या मोठ्या वास्तू तुम्ही एकट्याने, सकाळी, तो कामावर असताना पाहायच्या. गल्ल्या, बोट, बाजार, तटबंदी आणि जेवण त्याच्यासोबत. ही वाटणी आधीच ठरवली तर दोघांचाही जीव रमतो. पुढची सगळी माहिती याच वाटणीच्या हिशोबाने मांडली आहे.

पायरी १: निघण्याआधी मित्राला काय विचारायचं

पहिला प्रश्न: तू कुठल्या बाजूला राहतोस? बॉस्फरसच्या सामुद्रधुनीने शहराचे दोन भाग केलेत, युरोपकडचा आणि अनातोलियाकडचा, म्हणजे आशियाकडचा. तिथली माणसं समोरच्या किनाऱ्याला नुसतं 'कार्शी' म्हणतात, आपण 'पलीकडे' म्हणतो तसं. मित्र आशियाकडच्या कादिकोय किंवा उस्कुदारला राहत असेल आणि तुम्ही युरोपकडच्या जुन्या शहरात, सुलतानअहमतला हॉटेल घेतलंत, तर रोज कुणीतरी एकाने पाणी ओलांडायचं आहे हे धरून चाला. दिवस पाच-सहा असतील तर पहिले तीन मुक्काम सुलतानअहमत किंवा सिर्केजीजवळ आणि बाकीचे मित्राच्या बाजूला, हे सर्वांत सोयीचं.

विमानतळही दोन आहेत. नवा, मोठा इस्तंबूल विमानतळ युरोपच्या बाजूला, शहरापासून बराच वर उत्तरेला आहे. साबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला. तिकिटावर कुठला आहे ते मित्राला नीट कळवा, नाहीतर तो एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला उभे राहाल.

दुसरा प्रश्न: तुझ्या सुट्टीचे दिवस कोणते? टोपकापी मंगळवारी बंद असतं, दोल्माबाहचे राजवाडा सोमवारी, आणि कापालीचार्शी, म्हणजे मोठा छत्रबाजार, रविवारी. शुक्रवारी दुपारच्या नमाजामुळे मोठ्या मशिदी पर्यटकांना दुपारपर्यंत मिळत नाहीत. हे चार वार आधी कागदावर लिहा, मग मित्राची सुट्टी त्यात बसवा. मित्राला रविवारच मोकळा असेल तर तो दिवस बाजारात घालवायचा बेत करू नका. तो बोटीचा आणि कादिकोयचा दिवस.

रमजान आणि दोन्ही बायरामच्या, म्हणजे ईदच्या, तारखा दरवर्षी सरकतात, त्या तपासा. बायरामला मोठा बाजार बंद राहतो, बोटी ओसंडून वाहतात आणि मित्राला घरच्यांकडे जावं लागतं. रमजानमध्ये तो रोजा धरत असेल तर दिवसा त्याला पायी फिरवू नका. संध्याकाळी इफ्तारनंतर भेटा, शहर तेव्हाच खुलतं.

व्हिसाचं काम तुमचं तुम्हीच करायचं. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. ज्यांच्याकडे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा वैध व्हिसा वा वास्तव्याचा परवाना आहे त्यांना ई-व्हिसाची सोय आहे, बाकीच्यांनी व्हिसा केंद्रातून अर्ज करायचा. अटी बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळच पाहा. मित्राचं ऐकून यात निर्णय घेऊ नका. त्याला त्याच्या देशाचा व्हिसा कधी काढावा लागलेला नसतो.

पायरी २: कार्ड, पैसे, फोन

उतरल्यावर पहिलं काम म्हणजे 'इस्तंबूलकार्ट' घेणं. ट्राम, मेट्रो, बस, बोट, समुद्राखालून जाणारी मार्मारे रेल्वे, सगळ्याला हेच कार्ड चालतं. स्टेशनाबाहेरच्या यंत्रातून ते मिळतं. यंत्र सुटे परत देत नाही, घातलेली नोट पूर्ण जमा होते, म्हणून मोठी नोट घालू नका. मित्र म्हणेल, "माझ्या कार्डावर दोघं जाऊ." एखाद्या वेळी ठीक, पण दोन तासांच्या आत वाहन बदललं तर मिळणारी सवलत प्रत्येकाच्या स्वतःच्या कार्डावरच नीट लागते. दिवसात चार-पाच वाहनं बदलायची असतात, तेव्हा आपलं कार्ड वेगळंच असावं.

मार्मारे आणि मेट्रोबसमध्ये एक गोम आहे. आत शिरताना पूर्ण लांबीचं भाडं कापलं जातं आणि उतरल्यावर फलाटाबाहेरच्या 'इआदे' यंत्राला कार्ड लावलं की उरलेले पैसे परत जमा होतात. नवखी माणसं सरळ बाहेर पडतात आणि एका स्टेशनासाठी अख्ख्या मार्गाचं भाडं भरतात.

रुपये तिथे बदलून मिळण्याच्या भरवशावर राहू नका. युरो किंवा डॉलर न्या. विमानतळावर फक्त पहिल्या दिवसापुरते लिरा घ्या, बाकीचे शहरातल्या 'दोव्हिझ' पाटीच्या दुकानात, मोठ्या बाजाराच्या आसपास बदला. लिराचे भाव झपाट्याने खाली-वर होतात, त्यामुळे दोन-तीन दिवसांपुरतेच बदलणं शहाणपणाचं. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, पण शौचालय, छोटी चहाची टपरी आणि रस्त्यावरचं खाणं यासाठी सुटे खिशात हवेत. शौचालयाबद्दल एक दिलासा: पाण्याची तोटी भांड्यातच बसवलेली असते, फक्त तिचा नळ भिंतीवर शोधावा लागतो.

भेटायची जागा ठरवताना नुसतं "एमिनोन्यूला भेटू" म्हणू नका. तिथे ओळीने अनेक धक्के आहेत, प्रत्येक वेगळ्या गावचा. "एमिनोन्यूचा कादिकोय धक्का, तिकीटफाटकासमोर" असं नेमकं ठरवा. कादिकोयमध्ये सगळे 'बोआ'पाशी, म्हणजे आल्तियोल चौकातल्या बैलाच्या पुतळ्यापाशी भेटतात, बेशिकताशला 'कार्ताल'पाशी, म्हणजे गरुडापाशी. तुम्हीही तेच सांगा, मित्राला लगेच उमगतं.

पायरी ३: तिकिटाच्या जागा एकट्याने

या जागा एकट्याने का पाहायच्या, याला पैशाचंही कारण आहे. तुर्की नागरिकांकडे 'म्युझेकार्त' असतं, त्यावर ते सरकारी संग्रहालयं अगदी थोड्या पैशांत पाहतात. तुमचं तिकीट युरोच्या हिशोबाने आणि कित्येक पट महाग असतं. हा फरक पाहून मित्राला अवघडल्यासारखं होतं आणि तो तुमचंही तिकीट काढायला धावतो. तो प्रसंगच टाळलेला बरा.

आयासोफ्यात (आपण हागिया सोफिया म्हणतो ती) तर तुम्ही दोघं एका दाराने आत जाऊही शकत नाही. ५३२ ते ५३७ या पाच वर्षांत सम्राट जस्टिनियनने बांधलेलं हे चर्च १४५३ मध्ये मशीद झालं, विसाव्या शतकात संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद. २०२४ च्या सुरुवातीपासून परदेशी पर्यटकांना वेगळ्या दाराने, तिकीट काढून, वरच्या सज्जात सोडतात. तळमजला नमाजासाठी राखलेला आहे. मित्र खाली, तुम्ही वर. त्यामुळे ही भेट एकट्यानेच आखा आणि दार उघडण्याआधी अर्धा तास रांगेत राहा.

वर पोचल्यावर घाईने फोटो काढून निघू नका. दक्षिण सज्जात एक मोठं मोझॅक आहे, मध्ये ख्रिस्त, एका बाजूला मेरी, दुसऱ्या बाजूला संत जॉन. खालचा बराच भाग झडून गेलाय, पण चेहरे शाबूत आहेत. खिडकीचा उजेड ज्या बाजूने येतो, चेहऱ्यांवरच्या सावल्याही कारागिरांनी त्याच हिशोबाने भरल्यात. समोर उभं राहून आधी खिडकीकडे आणि मग चेहऱ्याकडे पाहा. त्याच सज्जातल्या संगमरवरी कठड्यावर कुण्या उत्तर युरोपातल्या शिपायाने तिकडच्या जुन्या रून लिपीत नाव कोरून ठेवलंय. त्यातलं 'हाल्फदान' एवढंच आता वाचता येतं. घुमटाचा व्यास सुमारे ३१ मीटर, उंची सुमारे ५५ मीटर. पहिला घुमट ५५८ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधताना तो अधिक उंच, अधिक उभा केला, म्हणजे भिंतींवरचा बाहेरचा रेटा कमी होईल. डागडुजीमुळे आत परांची बांधलेली दिसू शकते, मनाची तयारी ठेवा.

टोपकापीला किमान तीन-चार तास द्या. उघडताच आत शिरा आणि आधी जनानखाना पाहा, कारण अकरानंतर तिथल्या अरुंद बोळांत गर्दी तुंबते. मग शेवटच्या, चौथ्या अंगणात जाऊन बगदाद मंडपापाशी थोडं बसा. तिथून गोल्डन हॉर्नची खाडी आणि तिच्या पलीकडचा गालाता भाग समोर पसरलेला असतो. जमिनीखालचं पाण्याचं टाकं, येरेबातान, हे ३३६ खांबांचं आहे. उन्हाच्या दुपारी तिथे जावं, अंग निवतं. घाई असेल तर दोल्माबाहचे सोडून द्या, पण टोपकापी सोडू नका.

हिप्पोड्रोमच्या, म्हणजे रथशर्यतींच्या जुन्या मैदानाच्या, चौकाला तिकीट नाही. सम्राट पहिल्या थिओडोशियसने ३९० मध्ये उभारलेला इजिप्तचा स्तंभ आणि डेल्फीहून आणलेला पिळाचा कांस्यस्तंभ तिथेच, रस्त्यात उभे आहेत. हा चौक मित्रासोबत संध्याकाळी चालायलाही छान.

पायरी ४: मशिदीत जाताना

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांनी डोक्याला ओढणी. पर्यटकांच्या मोठ्या मशिदींत ओढणी मिळते, पण आपली सुती ओढणी किंवा स्टोल पिशवीत असला की रांग टळते. बूट काढून हातातल्या पिशवीत घ्यायचे, म्हणून एक कापडी पिशवी जवळ ठेवा. दिवसातून पाच वेळा नमाजाच्या सुमारास पर्यटकांना थांबवतात. मित्राच्या फोनवर त्या दिवसाच्या वेळा असतात, सकाळीच विचारून घ्या. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जायचं नाही आणि त्याचा फोटो काढायचा नाही. मित्र स्वतः धार्मिक आहे की नाही याचा अंदाज बांधू नका. एकाच घरात रोजा धरणारा भाऊ आणि बिअर घेणारी बहीण असते आणि दोघंही तुमच्यावर तितकंच प्रेम करतात.

पायरी ५: मित्रासोबतची पहिली चाल, बेयाझितपासून बोटीपर्यंत

पहिल्या भेटीसाठी याहून चांगली वाट नाही, कारण ती जवळजवळ पूर्ण उताराची आहे. शहर टेकड्यांवर वसलंय आणि दगडी फरसबंदीवर पाय लवकर भरून येतात. रबरी तळव्याचे, वापरून मऊ झालेले बूट घाला. पावसात हे दगड निसरडे होतात.

ट्रामने बेयाझितला उतरा. मोठ्या बाजाराच्या कडेने जुन्या पुस्तकांचा बाजार, 'साहाफ्लार', ओलांडून विद्यापीठाच्या कमानीसमोर या आणि तिथून सुलेमानिये मशिदीकडे वळा. १५५० ते १५५७ मध्ये वास्तुकार सिनानने ती सुलतान सुलेमानसाठी बांधली. आत गेल्यावर मध्ये उभे राहून खांब मोजू नका, मोकळी जागा पाहा. ५३ मीटर उंचीचा घुमट केवळ चार दांडग्या पायांवर पेललाय. मागच्या बागेत सुलेमान आणि त्याची बायको हुर्रेम यांच्या कबरी आहेत. बागेच्या कठड्यावरून गोल्डन हॉर्न, गालाता मनोरा आणि बॉस्फरसचं तोंड एकदम दिसतं. सिनानची स्वतःची कबर आवाराबाहेर, रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. बहुतेक पर्यटक तिच्यावरून निघून जातात. मित्राला मुद्दाम तिथे न्यायला सांगा.

मशिदीसमोर राजम्यासारख्या पांढऱ्या घेवड्याची, 'कुरु फासुल्ये'ची, खानावळींची रांग आहे. दुपारचं जेवण इथेच.

जेवून उझुनचार्शी रस्त्याने खाली उतरा. तांब्याची भांडी, लाकडी पोळपाट, दोरखंड, पिशव्या असा हा घाऊक बाजार आहे, मित्राची आई इथेच खरेदी करत असेल. खाली तहताकालेत दुकानांच्या मध्ये एक साधी, नजरेला न दिसणारी जिन्याची वाट आहे. ती चढली की दुकानांच्या डोक्यावर रुस्तेम पाशा मशिदीचं अंगण लागतं. आतल्या भिंती इझनिकच्या फरशांनी मढवल्यात. त्यातल्या टोमॅटोसारख्या लाल रंगाकडे कडेने पाहा: निळा आणि हिरवा पृष्ठभागाच्या सपाटीला आहे, हा लाल मात्र जाड थरात थोडा वर उचललेला दिसतो. असा लाल थोडीच वर्षं जमला. हात लावू नका, तिरका उजेड पुरेसा आहे.

सुलेमान बाप, रुस्तेम पाशा जावई, आणि त्याची बायको मिहरिमा ही सुलेमानची लेक. तिच्याही नावाने सिनाननेच दोन मशिदी बांधल्या, एक उस्कुदारला, एक तटबंदीपाशी एदिर्नेकापीला. या घराण्याच्या मशिदी क्रमाने पाहिल्या तर एकाच माणसाने दगडात उजेड कसा खेळवला हे कळत जातं. चाळीस मशिदी भरभर पाहण्यापेक्षा ह्या चार सावकाश पाहाव्यात असं आमचं ठाम मत आहे.

तिथून मसाल्यांचा बाजार दोन मिनिटांवर, आणि समोर धक्का. कादिकोयची बोट घ्या, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बाहेरच्या बाकांवर, बोट ज्या दिशेने चाललीय तिच्या उजव्या हाताला बसा. टोपकापी, आयासोफ्या आणि निळी मशीद त्याच बाजूला दिसतात. सूर्यास्ताआधी तासभर निघालात तर उजेड मागून येतो. बोटीवर चहा मिळतो, तो घ्याच. कादिकोयजवळ डाव्या हाताला हायदरपाशा स्टेशनची जर्मन धाटणीची इमारत पाण्यालगत उभी दिसते.

दक्षिणेचं 'लोदोस' वारं सुटलं की बोटी रद्द होतात. तेव्हा सिर्केजीहून मार्मारे घ्या. २०१३ मध्ये सुरू झालेला हा बोगदा काही मिनिटांत तुम्हाला उस्कुदारला नेऊन सोडतो.

पायरी ६: तटबंदी ते बालात, अर्धा दिवस

ही चाल मित्राशिवाय करू नका. एमिनोन्यूहून बसने एदिर्नेकापीला वर जा, मिहरिमाची मशीद पाहा, मग कारियेच्या छोट्या चर्चमध्ये. चौदाव्या शतकातली इथली मोझॅक आणि भित्तिचित्रं आयासोफ्यापेक्षाही जवळून पाहता येतात. २०२४ मध्ये ही वास्तू मशीद म्हणून उघडली, परदेशी पर्यटकांना तिकीट आहे, शुक्रवार टाळा.

पाचव्या शतकातली दुसऱ्या थिओडोशियसची तटबंदी बाजूलाच आहे. हजार वर्षं तिने शहर राखलं आणि १४५३ मध्ये तोफांपुढे ती खचली. काही ठिकाणी वर जायला पायऱ्या आहेत, पण कठडे नाहीत आणि दगड सुटलेले आहेत. मुलं सोबत असतील तर खालूनच पाहा. अंधार पडल्यावर तटालगत थांबू नका, ओस पडलेले कोपरे आहेत.

तिथून उतार बालात आणि फेनेरकडे जातो. रंगीत घरांच्या पायऱ्यांवर फोटोसाठी गर्दी असते. त्या घरांत माणसं राहतात, दारात ठाण मांडून बसू नका. खाली पाण्याजवळ बल्गेरियन संत स्टीफनचं चर्च आहे, पूर्ण लोखंडी. व्हिएन्नात घडवलेले भाग आणून १८९८ मध्ये ते उभं केलं. जमल्यास खिशात छोटं लोहचुंबक न्या, खांबाला चिकटतं. परतायला खाडीकाठची ट्राम आहे, थेट एमिनोन्यूला.

पायरी ७: खाणं, आणि शाकाहारी असाल तर

शाकाहारी माणसाने 'एतसिझ', म्हणजे मांस नको, एवढंच सांगून भागत नाही. बऱ्याच जणांच्या लेखी कोंबडी म्हणजे 'एत' नव्हे आणि मांसाच्या पाण्यात शिजवलेला भातही साधाच. मित्राकडून आधीच एक वाक्य तुर्कीत फोनवर लिहून घ्या: मांस, कोंबडी, मासे आणि मांसाचं पाणी, यातलं काहीही नको. मसूर डाळीचं सूप, पिलाव आणि वर सांगितलेला घेवडा, या तिन्हींत मांसाचं पाणी असू शकतं, दरवेळी विचारायचं. निर्धास्त खाता येतील असे पदार्थ: सिमित (तीळ लावलेला कड्यासारखा पाव), मेनेमेन (टोमॅटोतलं अंडं, चालत असेल तर), चीजचं गोझलेमे (सारण भरलेली पातळ पोळी), तेलात शिजवून गार वाढलेल्या 'झेय्तिनयाली' भाज्या, आणि रस्त्यावर मिळणारं 'चि कोफ्ते'. पूर्वी त्यात कच्चं मांस असे. दुकानात ते विकायला बंदी आहे, म्हणून आता दलिया आणि मिरचीच्या वाटणाचंच करतात. तिखट खाणाऱ्या माणसाला ते हमखास आवडतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची मात्र अडचण होते. सिमित, चीज, ऑलिव्ह, फळं आणि सुकामेवा यांवर दिवस काढावा लागेल, घरून खाकरा-ठेपले न्या.

दुपारी 'एस्नाफ लोकांतासी' शोधा, कामगार-दुकानदारांची खानावळ. काचेमागे भांडी मांडलेली असतात, बोट दाखवायचं. लवकर, बाराच्या सुमारास जा; दोननंतर चांगलं संपलेलं असतं. रविवारची 'सेर्पमे', म्हणजे टेबलभर छोट्या वाट्या मांडलेली, न्याहारी दोघांची मागवली तर तिघांना पुरते आणि तिला दोन तास लागतात, त्यानंतर लगेच काही ठरवू नका. चहा आपोआप पुन्हा भरला जातो; पुरे असेल तर चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा.

नकार देताना मान हलवू नका. तिथे भुवया आणि हनुवटी वर उचलून जिभेने 'च्च' केलं की नाही. आपली डोलणारी मान त्यांना कळत नाही आणि ताटात पुन्हा वाढलं जातं. तोंडाने 'योक' किंवा 'हायिर, तेशेक्क्युरलेर' म्हणा.

पायरी ८: बिल आणि घरचं बोलावणं

बिल मित्रच देणार, हे तिथे गृहीत आहे. टेबलावर ओढाताण केली तर त्याला कमीपणा वाटतो. उपाय असा: जाण्याआधीच "बुग्युन बेन्देन", आजचं माझ्याकडून, असं सांगून ठेवा. किंवा हात धुवायला उठा आणि 'कासा'वर, गल्ल्यावर, गुपचूप पैसे देऊन या. निम्मं-निम्मं करायची पद्धत तरुणांत आहे, पण पहिल्या जेवणाला ती काढू नका. दर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तुम्ही द्या, एवढं पुरे.

घरी बोलावलं तर रिकाम्या हाताने जायचं नाही. जवळच्या मिठाईच्या दुकानातून अर्धा-एक किलो बकलावा बांधून घ्या. आपल्याकडून न्यायचं असेल तर बंद पाकिटातली चिक्की किंवा एखादा हातमागाचा स्टोल. दुधाची मिठाई नेऊ नका, प्रवासात टिकत नाही. बूट दाराशी काढायचे, घरातल्या सपाता पुढे केल्या जातात त्या घालायच्या. तळहातावर सुगंधी 'कोलोन्या' ओतली जाईल, हात चोळायचे. मित्राच्या आईला 'तेय्झे', वडिलांना 'आम्जा' म्हटलं की ते खूश होतात. जेवण झाल्यावर स्वयंपाक करणारीला "एलिनिझे साअलिक", तुमच्या हातांना आरोग्य लाभो, असं म्हणायला विसरू नका. आग्रह जोरदार असतो, म्हणून पहिल्यांदा थोडंच वाढून घ्या.

राजकारण तुम्ही काढू नका. मित्र बोलला तर ऐका. प्रजासत्ताकाचे संस्थापक आतातुर्क आणि राष्ट्राध्यक्ष यांच्याबद्दल थट्टा, विशेषतः समाजमाध्यमांवर, कायद्याने अंगाशी येऊ शकते. १० नोव्हेंबरला सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी भोंगे वाजले आणि रस्ता थबकला, तर तुम्हीही आहात तिथे उभे राहा. आतातुर्कच्या मृत्यूची ती वेळ आहे.

कुठे बिनसतं

टॅक्सी. पिवळी घेतली तर मीटर सुरू झालं का पाहा आणि नोट देताना आकडा मोठ्याने म्हणा, म्हणजे नोट बदलून 'कमी दिलेत' म्हणायला जागा राहत नाही. पर्यटकांच्या चौकात पुढे चालणाऱ्या बूटपॉलिशवाल्याचा ब्रश 'चुकून' पडतो; उचलून दिलात की उपकाराची फेड म्हणून पॉलिश आणि मग पैसे. अनोळखी माणूस गप्पा मारत बारमध्ये नेऊ लागला तर जाऊ नका, बिल भलतंच येतं. मित्र नसताना असं काही झालं तर त्याला फोन लावून समोरच्याच्या हातात द्या, बहुतेक वेळा तेवढ्याने निभावतं.

बाजारात घासाघीस करताना मित्राला बोलू द्या आणि तुम्ही गप्प राहा. "वा, किती सुंदर" हे मराठीतही म्हणू नका, चेहऱ्यावरून कळतं. गालिचे आणि दागिन्यांच्या खऱ्या किमती मित्रालाही ठाऊक नसतात, महागडी वस्तू त्याच्या भरवशावर घेऊ नका. दुकानात शिरताना "कोलाय गेल्सिन" म्हणा. काम करणाऱ्या माणसाला म्हणायची ही शुभेच्छा आहे, वागणं लगेच बदलतं.

आणि मित्राला रोज बोलावू नका. पाच दिवसांत दोन संध्याकाळी आणि एक पूर्ण सुट्टीचा दिवस, एवढं मागा. जास्त त्याने स्वतःहून दिलं तर घ्या.

परतीचा दिवस

मित्र विमानतळावर सोडायला येतो म्हणेल. मोठा विमानतळ असेल आणि तो आशियाच्या बाजूला राहत असेल, तर वाहतुकीत त्याचा अर्धा दिवस जातो, नको म्हणा. गायरेत्तेपेहून मेट्रो थेट विमानतळावर जाते, शिवाय ठरलेल्या थांब्यांवरून विमानतळाच्या बस आहेत. टर्मिनलच्या दारातच सामानाची पहिली तपासणी होते, आत पुन्हा दुसरी, म्हणून आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचा. कार्डावर उरलेले पैसे परत मिळत नाहीत. कार्ड मित्राकडेच ठेवा, त्याच्याकडे येणाऱ्या पुढच्या पाहुण्याला उपयोगी पडेल.